किल्लीवाला उशिरा येतो

३ फेब्रुवारी

चि. कानसेन हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण तुमच्या गाण्यांच्या ॲपवरची तुझी गेल्या शुक्रवारची यादी. जॅझ आणि आधुनिक क्लासिकलमधल्या आठवड्याच्या नव्या पंचवीस रचना तू निवडतेस आणि कुठले कुठले लोक त्या ऐकतात, याचा मला अभिमान आहे. चारचौघांत मी तो मिरवतोही. पण घरातल्या घरात सांगायचं तर पहिल्या सहांनी माझा जीव घेतला. सहाही पियानो. सहाही जण तारांवर कापड टाकून वाजवतात, शेजारी कुणी आजारी असल्यासारखे. त्यातल्या एकाची खुर्ची करकरते, आणि ती करकर तशीच ठेवली आहे. आमच्या काळी खुर्ची करकरली तर तेल घालत असत. हल्ली तिला कलाकारांत धरतात.

चार चेलोंची रेकॉर्ड मात्र फक्कड. आणि ती सॅक्सोफोनवाली! तिला एकोणिसाव्या नंबरावर कुणी टाकलं? तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात. तू टाकलं असशील तर स्वतःचा कान धर, वरिष्ठांनी टाकायला लावलं असेल तर त्यांचा धर.

इकडे सगळं ठीक. तुझी आई रोज सकाळी खालच्या मजल्यावरून वर येते, माझ्या स्वयंपाकघरातल्या चुका काढते आणि जाते. आमच्या तिघांची तालीम दर बुधवारी टायरच्या दुकानावरच्या खोलीत होते. काडी आणखी बारीक झाला आहे. ड्रमच्या मागे बसला की त्याच्या काठ्या कुठल्या आणि तो कुठला ते कळत नाही. मास्तरीणबाईंच्या शाळेत परीक्षा आहेत, त्यामुळे त्या पियानोच्या झाकणावर गणिताचे पेपर तपासतात आणि मुलांचा राग आमच्यावर काढतात. मी माझ्या बासला, त्या माणसाएवढ्या खर्जाच्या तंतुवाद्याला, टेकून उभा असतो. चाळीस वर्षं उभा आहे.

फोन करू नकोस. फोनवर माणूस बरं आहे म्हणतो आणि ठेवून देतो. पत्रात निदान खोटं लिहायला वेळ लागतो.

लोभ आहे तो वाढता ठेवावा.
तुझा,
मामा


११ फेब्रुवारी

ती. स्व. मामा यांस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि इतक्या जोरात हसले की मॅनेजरांनी काचेतून पाहिलं. सॅक्सोफोनवाली माझ्या यादीत तिसरी होती. मॅनेजरांनी तिला खाली ढकललं. त्यांच्याकडे एक तक्ता आहे. कोणती रचना लोकांनी कितव्या सेकंदाला बंद केली ते त्यात दिसतं. तिची सुरुवात चाळीस सेकंद नुसत्या श्वासाची आहे, आणि लोक म्हणे तिसाव्या सेकंदाला पळतात. मी म्हटलं की मग जिन्यावरच जेवण वाढायला लागू या. त्यांना विनोद कळला नाही.

आता त्यांना कामाप्रमाणे याद्या हव्या आहेत. अभ्यास करताना ऐकायचं, भांडी घासताना ऐकायचं, कशातच मन लागत नसताना ऐकायचं. मामा, एका बाईनं तीन वर्षं खपून बावीस वाद्यांसाठी रचना लिहिली, आणि ती मी कढई घासणाऱ्याला वाढायची! मी भांडले. ते म्हणाले की तू फार जीव लावतेस, मे महिन्यापासून निवड मशीनच करणार आहे. तेव्हापासून डोक्यात नुसती राख घातलेली आहे.

एक गोष्ट मात्र अजून माझ्या हातात आहे, ती म्हणजे आंधळी फेरी. ही रीत मीच सुरू केली. आठवड्याला तीनेकशे नव्या रचना येतात. आमचा मदतनीस त्यांची नावं काढून टाकतो आणि नुसते नंबर देतो. आम्ही चौघं ऐकतो आणि ओळ-दोन ओळींचा शेरा लिहितो. वशिला नाही, नाव नाही, गाव नाही. नाकारलेल्यांना तो शेरा जसाच्या तसा जातो, म्हणजे निदान का नाकारलं ते त्यांना कळतं. नाव नसलं तरी मी बहुतेकांना दहा सेकंदांत ओळखते, हा भाग वेगळा. तुझा बास तर तू बादलीत बसून वाजवलास तरी ओळखीन.

चार महिने घरी आले नाही याचा उल्लेख तू केला नाहीस, पण मला तो दिसला. येते.

आईला सांग, मी वेळेवर जेवते.
तुझी,
कानसेन


२ मार्च

चि. कानसेन हीस,
आशीर्वाद.

काल मला तुमच्या कंपनीचं पत्र आलं. खाली शेरा आहे, तो उतरवून देतो.

नंबर सतरा. चाल उत्तम, पियानो चोख. किल्लीवाला उशिरा येतो, बाकीचे दाराबाहेर ताटकळतात. नको.

बास म्हणजे घराची किल्ली खिशात असलेला माणूस, तो उशिरा आला की बाकीचे सगळे दाराबाहेर ताटकळतात. हे मी तुला तू नऊ वर्षांची असताना याच खोलीत सांगितलं होतं. जगात ही म्हण दुसऱ्या कुणाला माहीत नाही, कारण ती मी बनवलेली आहे. तेव्हा शेरा कुणाचा हे विचारत नाही.

नंबर सतरा म्हणजे आम्ही तिघं. एकसष्टाव्या वर्षी पहिली रेकॉर्ड केली आहे. सहा रचना आहेत, एप्रिलच्या तिसऱ्या शुक्रवारी येणार. तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. पुढच्या दारानं यायचं होतं.

बादली घरात आहे. पुढच्या वेळी तीत बसून वाजवतो.

मामा


७ मार्च

ती. स्व. मामा यांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले आणि रडले. मग राग आला. आधी स्वतःचा, आणि मग, खरं सांगते, तुझा.

तू रेकॉर्ड केलीस आणि मला सांगितलं नाहीस? ज्या दिवसाची मी शाळेत असल्यापासून वाट बघते, तो दिवस तू माझ्यापासून लपवलास, आणि वर मीच नापास केलं म्हणून मला टोमणे मारतोस. वशिला नको होता हे मला कळतं. पण वशिला नको आणि भाचीही नको, हे कुठलं शहाणपण? आता मी काय करायचं? शेरा मागे घेतला तर माझीच रीत मी मोडली. नाही घेतला तर तुला तोंड कसं दाखवू?

तुझी माफी मागते. त्या दिवशी मी बेचाळीस रचना ऐकल्या होत्या, हे कारण नाही, पण आहे. तुझी म्हण वापरली कारण तिच्यापेक्षा नेमकं मला काही येत नाही. माझ्याकडे जे आहे ते तुझंच आहे, त्यामुळे तुला मारायलाही तुझीच काठी हाताशी आली.

पण मामा, कालपासून सतरा नंबर मी अकरा वेळा ऐकला, तो तूच आहेस हे माहीत असताना. उशीर आहे. प्रत्येक वेळी आहे. फार नाही, पापणी लवण्याइतका, पण आहे. तुझ्यासाठीसुद्धा मला तो ऐकू येणं बंद करता येत नाही. रेकॉर्डिंगवाल्यानं काही घोळ घातला का? त्या दिवशी बरं नव्हतं का?

फोन कर. एकदा तरी कर.
तुझी,
कानसेन


१२ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझ्या मामाच्या घरात शिरून त्याचाच कागद आणि त्याचंच पेन घेऊन लिहिते आहे. तो बाहेर गेला आहे.

तू त्याला काय लिहिलंस? दहा-बारा दिवस झाले, माणूस धड बोलत नाही. मी विचारलं तर म्हणाला, तुझ्या मुलीचे कान फार तयार झाले आहेत. हे कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही. तुमच्या दोघांच्या गाण्याबजावण्यात मी कधी पडले नाही. लहानपणी तो वाजवायला लागला की मी कानात बोळे घालून अभ्यास करायची, आणि अजून माझं मत बदललेलं नाही.

पण एक गोष्ट तुला सांगायला हवी. दादानं सांगू नको म्हटलेलं नाही, कारण मला कळलं आहे हे त्याला माहीतच नाही. गेलं वर्षभर तो बटणांचे शर्ट घालत नाही. बरणीची झाकणं सैल ठेवतो. पहिल्यांदा वाटलं, आळस. मग एकदा मी त्याच्या हातात गरम कप दिला, तर डाव्या हाताची शेवटची दोन बोटं कपाला लागली होती तरी त्याला चटका कळला नाही. मला कळला, बघूनच. विचारलं तर म्हणाला, कोपर दाराला आपटलं होतं. वर्षभर कुणाचं कोपर दाराला आपटतं?

तू शिकलेली आहेस, तू बोल. मी बोलले तर तो म्हणेल, तू भाजी जाळू नकोस म्हणजे झालं.

वेळेवर जेवतेस हे खोटं लिहू नकोस.
तुझी,
आई


१६ मार्च

चि. कानसेन हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईनं माझ्या कागदांची चळत सरळ करून ठेवली आहे, म्हणजे तिनं तुला लिहिलेलं आहे. तिला चोरी कधीच जमली नाही.

तेव्हा आता मीच सांगतो. कोपराजवळची एक शीर दबली आहे. चाळीस वर्षं बासवर वाकून डावा हात दुमडून ठेवला, त्याचं हे बक्षीस. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आहे. तार दाबली की नाही हे बोटाला कळत नाही, मग मी कानानं ऐकतो, मग कळतं. तोवर तुझी पापणी लवलेली असते. डॉक्टर म्हणतात, कोपर उघडून शीर मोकळी करता येईल. बोटं परत येतील का विचारलं, तर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणून मी आधी रेकॉर्ड करून घेतली. आहे तेवढं पकडून ठेवावं म्हटलं.

ती करताना सगळ्यांनी वाहवा केली. रेकॉर्डिंगवाला, रेकॉर्ड काढणारे, दोन जुने मित्र. काडी आणि मास्तरीणबाई म्हणाले, झकास. मी विश्वास ठेवला. नंबर सतराच पाठवला, कारण सहांत तोच मला सगळ्यात सच्चा वाटला होता.

नाकारलंस याचं मला काही वाटलं नाही असं लिहिणार होतो. वाटलं. पण त्याहून वाईट हे की तू मला ओळखलं नाहीस. जिनं बादलीतसुद्धा ओळखलं असतं, तिनं अख्खी पाच मिनिटं ऐकलं आणि तिला वाटलं, कुणी तरी आहे. मग तिथे वाजवतो तो कोण आहे? मी नुसता उशिरा येतो की यायचाच बंद झालो आहे, हे मला कळायला हवं. रेकॉर्ड यायला पाच आठवडे आहेत. अजून मागे घेता येते.

सोबत सहाही रचनांची डिस्क पाठवतो. नंबर घालून पाठवतो, नावं नाहीत. एकेक ऐक आणि शेरा लिही. भाची म्हणून लिहिलास तर परत पाठवीन.

उत्तराची वाट बघतो आहे, आणि बघवत नाही.
मामा


२४ मार्च

ती. स्व. मामा यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं. मॅनेजरांना खरं सांगितलं की सतरा नंबर माझा मामा आहे, तेव्हा त्याबाबतचा निर्णय आता माझ्याकडे नको. ते म्हणाले, मशीनला मामा नसतो, हाच त्याचा फायदा. मी दार आपटून आले.

आता शेरा. सतरा नंबर म्हणजे तुझ्या डिस्कवरची दुसरी रचना, ती तुला माहीत आहे. बाकीच्या पाचांत तू उशिरा येत नाहीस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठून नाचले. म्हटलं, चला, मामा शाबूत आहे. मग दुसऱ्यांदा लयीचं यंत्र लावून ऐकलं, आणि नसतं लावलं तर बरं झालं असतं.

पहिल्या रचनेत काडी काठ्या आपटून चार मोजतो, तेव्हा लय मिनिटाला एकशे बत्तीस ठोक्यांची आहे. दीड मिनिटानं ती एकशे सव्वीस होते, आणि थोड्या वेळानं परत एकशे बत्तीस. काडीची लय हलत नाही, हे तूच मला शंभरदा सांगितलं आहेस. ती हलते कुठे, तर जिथे तुझ्या डाव्या हाताला वरून खाली धावायचं असतं, तिथेच. पाचही रचनांत तिथेच. तो तू येईपर्यंत थांबतो आणि मग काही झालंच नाही असं दाखवत पुढे निघतो. चौथ्या रचनेत तर तुझ्या वाट्याचे खालचे सूर पियानोतूनही येतात. मास्तरीणबाई डाव्या हातानं ते हळूच वाजवतात, तुझ्या बोटानं दगा दिला तर भोक पडू नये म्हणून. दुसऱ्या रचनेत पियानोची धाव इतकी जलद आहे की कुणालाच थांबायला जागा नाही. म्हणून तिथे तू उघडा पडलास आणि मला ऐकू आलास.

मामा, हे त्यांनी आधी ठरवून केलं की नाही, मला माहीत नाही. पण ते जे करताहेत ते फार कठीण आहे. मी चौदा वर्षं रेकॉर्डी ऐकते आहे, असं वाजवणं मी कधी ऐकलेलं नाही. मला त्याचं रडू येतं आणि संतापही येतो. रेकॉर्ड सुंदर आहे. पण तुला वाटते ती ही रेकॉर्ड नाही.

तू विचारलंस, तो कोण आहे. तो तूच आहेस, आजारी. मी तुला आजारी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून ओळखलं नाही. माझी चूक आहे. चार महिने घरी आले असते तर तू बरणीचं झाकण कसं उघडतोस ते दिसलं असतं. मागे घ्यायची की नाही ते मी सांगणार नाही. शेरेवाला फक्त शेरा लिहितो.

रागावलास तरी चालेल, गप्प बसू नकोस.
तुझी,
कानसेन


३ एप्रिल

चि. कानसेन हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो आणि बुधवारी तालमीला घेऊन गेलो. वाचून दाखवलं. एकशे बत्तीस आणि एकशे सव्वीस आलं तेव्हा काडी स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. मी विचारलं, कधीपासून? त्या म्हणाल्या, दोन वर्षं. म्हणजे मला कळायच्या एक वर्ष आधी. एकमेकांशी कधी बोलले नाहीत म्हणे. आधी काडी थांबायला लागला, मग त्यांच्या लक्षात आलं, मग त्यांचा डावा हात आपोआप जायला लागला.

मी काय काय बोललो ते तुला लिहीत नाही. लंगडं घोडं मिरवणुकीत फिरवता काय, इथपर्यंत तर सभ्य होतं. त्यांनी माझ्यावर दया केली, याचा मला भयंकर राग आला. आणि त्याच वेळी दिसत होतं की मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं, म्हणून राग कुठे ठेवावा तेही कळेना. अजून कळलेलं नाही. तुझ्यावरचा रागही अजून गेलेला नाही. जाईल बहुतेक.

रेकॉर्ड मागे घेतली आहे. काढणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. मी पत्र लिहून माफी मागितली. मे महिन्यात कोपर उघडायचं ठरलं आहे. बोटं परत आली तर आली. नाही आली तर तीन बोटांत काय बसतं ते बघू. तुझी आई इस्पितळात माझ्यासोबत राहणार आहे, ही शिक्षा वेगळी.

तू माझ्यासाठी नोकरीवर दार आपटू नकोस. स्वतःसाठी आपटायचं असेल तर आपट.

भांडण ओसरल्यावर मी बास उभा केला आणि सांगितलं की आता कुणी थांबायचं नाही, आणि माझे सूर कुणी वाजवायचे नाहीत. दुसरी रचना घेतली, तुझी सतरा नंबरची. काडीनं चार मोजले. दुसऱ्या फेरीत मी असा काही घसरलो की बाकीचे पुढच्या गल्लीत आणि मी मागच्या. काडी अचानक थांबला, हातातली काठी जमिनीवर आपटली आणि माझ्या अंगावर ओरडला, झोपला आहेस का म्हणून. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग मास्तरीणबाईही सुरू झाल्या, त्यांना तर वर्गाची सवय. मीही ओरडलो. इतका आवाज झाला की खालचा टायरवाला हात पुसत वर आला आणि कसलं भांडण चाललं आहे ते विचारायला लागला.

मी त्याला सांगितलं, भांडण नाही, तालीम चालली आहे.

तुझा,
मामा